आयक्यू 84 आला म्हणजे मुलगा मतिमंद का एलडी? आधी तो कुठे अडकतो ते बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा साडेआठ वर्षांचा, तिसरीत, इंग्लिश मिडीयम, घरी पूर्ण मराठी, राहायला धायरी. वाचताना अडखळतो, फळ्यावरचं अर्धंच उतरवून आणतो, शाळेने टेस्टिंग करून आणा म्हणून सांगितलं, तुम्ही एका ठिकाणी नेलं, चाळीस मिनिटांत आटपलं आणि हातात एक पानाचा रिपोर्ट आला, आयक्यू 84, बॉर्डरलाइन. शाळा म्हणते स्लो लर्नर आहे दुसरी शाळा बघा, सासूबाई म्हणतात त्याचा बापही चौथीपर्यंत असाच होता, पुढे झालाच ना इंजिनियर. आणि तुम्ही विचारताय की हा मतिमंद आहे का एलडी, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी. शेवटी जाता जाता लिहिलंय की गणपतीत रस्ते बंद होते तेव्हा यानेच आजीला सांगितलं की दांडेकर पुलावरून बस जाणार नाही, आपण राजाराम पुलावर उतरून कर्वेनगरकडून जाऊ. मला रिपोर्टपेक्षा ही ओळ जास्त कामाची वाटली, तिच्याकडे येतेच.

मी पुण्यात बावीस वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करतेय, त्यातली बरीचशी वर्षं हेच काम, मुलांच्या टेस्ट. तुमचा मुलगा मी बघितलेला नाही त्यामुळे निदान इथे देणार नाही, ते रिपोर्टच्या फोटोवरून कोणी देत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. पण रिपोर्ट कसा वाचायचा आणि पुढे काय करायचं ते नक्की सांगते.

आधी शब्द. मतिमंद हा शब्द आता आम्ही वापरत नाही, बौद्धिक अक्षमता म्हणतो. गतिमंद वगैरे जे शाळेत म्हणतात ते निदानच नाही, आणि स्लो लर्नर हेही कुठल्या मेडिकल पुस्तकातलं निदान नाही, शिक्षकांनी बोलायच्या सोयीसाठी केलेला शब्द आहे. बौद्धिक अक्षमता म्हणायला तीन गोष्टी एकत्र लागतात. बुद्धीची चाचणी साधारण 70 च्या आसपास किंवा खाली, रोजच्या जगण्यात वयाच्या मानाने मागे असणं, आणि हे लहानपणापासूनच असणं. यातली मधली गोष्ट लोक विसरतात आणि खरं तर तीच सगळ्यात महत्त्वाची, कारण सौम्य, मध्यम, तीव्र हे ठरवताना सुद्धा 2013 पासून डीएसएम-5 मध्ये, म्हणजे आमच्या निदानाच्या पुस्तकात, आयक्यूच्या आकड्यापेक्षा मूल रोज काय काय करू शकतं यावर भर आहे. अध्ययन अक्षमता, म्हणजे तुम्ही एलडी म्हणता ती, वेगळीच गोष्ट. तिथे बाकी समज वयाप्रमाणे असते पण वाचन, लेखन किंवा गणित यातलं काहीतरी शिकवूनही बसत नाही, आणि नीट मदत देऊनही निदान सहा महिने तसंच राहतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, की पोरगं सगळीकडे अडकतंय का फक्त अक्षरांपाशी अडकतंय.

आता तुमच्या मुलाची बसची गोष्ट. नुसते स्टॉप पाठ असते तर मी फार भाव दिला नसता, पाठांतर बऱ्याच मुलांचं चांगलं असतं. पण रस्ता बंद आहे, मग दुसरा कुठला, मध्ये कुठे उतरायचं, हे डोक्यात नकाशा फिरवल्याशिवाय येत नाही. साडेआठ वर्षांच्या मुलाने हे स्वतःहून केलं असेल तर बौद्धिक अक्षमतेचा शिक्का मारायच्या आधी मी दहा वेळा विचार करीन.

आणि रिपोर्टचा फोटो जो तुम्ही टाकलाय तो नीट बघा. व्हर्बल 74, परफॉर्मन्स 94, एकूण 84. ही मलिनची टेस्ट आहे, नागपूरला डॉ. मलिन यांनी 1969 मध्ये भारतीय मुलांसाठी बसवलेली, मिसिक म्हणतात तिला, आणि तिच्यात एकूण आयक्यू म्हणजे त्या दोन आकड्यांची सरळ सरासरी असते. आता एका हाताला बर्फ आणि दुसऱ्या हाताला गरम तवा लावून सरासरी कोमट आहे म्हणायचं का? वीस गुणांचा फरक असताना 84 या आकड्याला काही अर्थ उरत नाही, खरी माहिती त्या फरकात आहे. चित्रं, ठोकळे, तुकडे जोडणं यात मुलगा साधारण वयाच्या आसपास आहे आणि शब्दांत खाली घसरलाय. शब्दांत का घसरला? तुम्ही लिहिलंय की टेस्ट घेणाऱ्या मॅडम पूर्णवेळ इंग्लिशमध्ये विचारत होत्या. घरी मराठी बोलणारं मूल, इंग्लिश फक्त शाळेत आणि तेही जेमतेम, त्याला शब्दांचे अर्थ आणि सामान्य ज्ञान इंग्लिशमधून विचारलं की तुम्ही त्याची बुद्धी मोजली का इंग्लिश मोजलं? शिवाय व्हर्बल भागात तोंडी गणितं असतात, आकडे लक्षात ठेवून परत म्हणायचे असतात, एलडीच्या किंवा लक्ष न टिकणाऱ्या मुलांचं नेमकं तिथेच पडतं. म्हणजे ज्या गोष्टीचा संशय आहे तीच गोष्ट आयक्यू खाली ओढतेय आणि मग त्याच खालच्या आयक्यूवरून आपण म्हणतोय की एलडी नाही, बुद्धीच कमी आहे.

बिने-कामत पण अजून सर्रास वापरतात. 1930 च्या दशकात धारवाडला कामतांनी मराठी आणि कानडी मुलांवर बसवलेली टेस्ट, आपल्या भाषेतली म्हणून मला तिच्याबद्दल जिव्हाळा आहे, पण तिचे मापदंड फार जुने आहेत आणि जुन्या मापदंडांवर आजची मुलं असतात त्यापेक्षा हुशार दिसतात. म्हणजे उलटी चूकही होऊ शकते, खरंच मदतीची गरज असलेलं मूल नॉर्मल म्हणून सुटू शकतं. कुठलीही टेस्ट घ्या, आकड्याच्या दोन्ही बाजूंना पाचेक गुणांची हलायला जागा असतेच, त्या दिवशी पोराला सर्दी होती, उपाशी होतं, मॅडम ओळखीच्या नव्हत्या, सगळ्याचा परिणाम होतो. टेस्टमध्ये काय प्रश्न असतात ते मात्र विचारू नका, सांगणार नाही, आणि नेटवर शोधून पोराकडून करून तर अजिबात घेऊ नका, नंतर आमच्याकडे मोजायला काही उरत नाही.

आता घरी करून बघायचं एक सांगते, मी क्लिनिकमध्ये पण हे करतेच. बालभारतीचं दुसरीचं मराठीचं पुस्तक घ्या, त्याने न वाचलेला एक धडा काढा. अर्धा धडा त्याला मोठ्याने वाचायला सांगा आणि काय झालं ते विचारा. उरलेला अर्धा तुम्ही वाचून दाखवा, नेहमी गोष्ट सांगता तसा, आणि परत विचारा. जे मूल स्वतः वाचल्यावर काहीच सांगू शकत नाही पण ऐकल्यावर धडाधडा सांगतं, वर 'पण आई तो असं का वागला' असं विचारतं, त्याची समज शाबूत आहे, अडचण कागदावरून डोक्यात जायच्या वाटेत आहे. जे मूल ऐकूनही तितकंच गोंधळतं त्याच्या बाबतीत मी भाषेचा, ऐकण्याचा, लक्षाचा आणि एकूण समजेचा विचार करते. या दोन्हींच्या मधली मुलंही असतात पण यातून दिशा कळते.

मग शब्दांचे खेळ. 'कमळ' मधला क काढला तर काय उरलं? तिसरीच्या मुलाला पटकन 'मळ' म्हणता यायला हवं. अर्थ नसलेले शब्द लिहून वाचायला द्या, टमुगा, भिरणो, असले काहीही, कारण ओळखीचे शब्द हुशार मुलं चेहऱ्यावरून ओळखतात तसे ओळखतात, खरं वाचन येतं का ते अशा फालतू शब्दांवर कळतं. आणि वही बघा. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं म्हणून घाबरू नका, ते आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांवर पण चुकतं आणि पुणेरी पाट्या लिहिणाऱ्यांचंही चुकतं. मी बघते ते वेगळं. मात्रा गळतेय का, वेलांटी भलत्या अक्षरावर जातेय का, प्रकाशचं परकाश आणि पत्रचं पतर होतंय का, रफार तर हमखास, सूर्य लिहायला सांगितलं की सुरय. जोडाक्षरं फोडून लिहिणं पहिलीत ठीक आहे, तिसरीच्या शेवटी पण तेच असेल तर मी ते नोंदवते. अजून एक, मराठी बऱ्यापैकी जसं लिहितो तसं वाचतो, त्यामुळे काही मुलं मराठी बरोबर वाचतात पण इतकी हळू की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते, आणि इंग्लिशमध्ये, जिथे स्पेलिंगला काही धरबंध नाही, तिथे पार कोसळतात. म्हणून दोन्ही भाषांत बघायचं. नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने डाली नावाच्या चाचण्या केल्यात त्या मराठीतही आहेत, एलडीसाठी बंगळुरूच्या निमहान्स संस्थेची बॅटरी, म्हणजे चाचण्यांचा संच, वापरतात, तुम्ही जाल तिथे विचारा की मराठीत काय घेणार.

गणिताचं थोडं. तेवीस सांगितलं की 32 लिहितो म्हणून मागच्या महिन्यात एक बाबा डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे गणिताची एलडी, का म्हणून विचारायला आले होते. मराठीत आपण तीन आधी म्हणतो आणि वीस नंतर, लिहिताना उलटं, वर एकोणतीस म्हणजे तिसात एक कमी. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात वीस तीन असं म्हणायची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतं? लोकांनी थट्टा केली पण त्यामागचा त्रास खरा आहे. इंग्लिशमध्ये आकडे बरोबर आणि फक्त मराठीत उलटे होत असतील तर तो भाषेचा गोंधळ. पाच आणि तीन मिळून किती हे तिसरीत पण दर वेळी पहिल्यापासून बोटं मोजूनच सांगावं लागत असेल, आठ मोठे का सहा याला विचार करावा लागत असेल, तर मग बोलू.

आता माझी एक चूक सांगते, लाज वाटते पण सांगते. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी एक सात वर्षांची मुलगी आली, शांत, गोड, प्रत्येक प्रश्नाला मान हलवायची, उत्तर भलतंच. मी टेस्ट केली, साठच्या घरात स्कोअर आला, सौम्य बौद्धिक अक्षमता म्हणून लिहून दिलं. आठ महिन्यांनी ती फॉलोअपला आली, मला सर्दी होती म्हणून मी तोंडावर रुमाल धरून बोलत होते आणि पोरगी एकदम कावरीबावरी झाली. रुमाल काढला, ठीक. परत धरला, परत तेच. ती माझे ओठ बघत होती. ऑडिओमेट्री केली तर दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं, कानात पडद्यामागे पाणी साठून राहिलेलं. तेव्हापासून माझ्याकडे कान आणि डोळे तपासून आल्याशिवाय टेस्टची तारीख मिळत नाही, आईबाप चिडतात, चिडू देत. त्यामुळे तुम्हीही आधी ऑडिओमेट्री, डोळ्यांचे डॉक्टर, आणि बालरोगतज्ज्ञांकडून थायरॉईड, हिमोग्लोबिन एवढं करून घ्या. वर्गात मध्येच पाच-दहा सेकंद शून्यात बघत राहतो का, हाक मारली तर त्या वेळी ओ देत नाही का, हे शिक्षकांना विचारा, कारण फिटचा एक प्रकार तसाच दिसतो आणि सगळे म्हणत असतात लक्ष नाही याचं. एमआरआय मात्र उगाच करायला जाऊ नका, एलडी एमआरआयमध्ये दिसत नाही. आणि बोटांचे ठसे घेऊन बुद्धी सांगणारे, डोळ्यावर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे, यांना एक रुपया देऊ नका, त्याला काहीही शास्त्रीय आधार नाही, पुण्यात शिकलेसवरलेले लोक तिथे हजारो रुपये घालून मग माझ्याकडे येतात.

उलटी बाजू पण सांगायला हवी कारण ती कोणी बोलत नाही. आपल्याकडे मध्यमवर्गात एलडी हे जरा प्रतिष्ठेचं निदान झालंय, अमका शास्त्रज्ञ पण डिस्लेक्सिक होता म्हणता येतं, बौद्धिक अक्षमता म्हटलं की घरात सुतक. एक दहा वर्षांचा मुलगा होता, बोलायला इतका लाघवी की येताना मला 'काकू चहा झाला का' विचारायचा, तीन ठिकाणी त्याला एलडी सांगितलं होतं. मी त्याच्या आईला विचारलं, वाण्याकडे एकटा जातो का? म्हणाली पाठवलंच नाही कधी. आंघोळ? मीच घालते, वेळ होतो ना शाळेला. जेवण? भरवते. मग मी दोन आठवडे दिले, सगळं त्याचं त्याला करू द्या म्हटलं, दुकानातून बिस्किटचा पुडा आणि सुटे पैसे परत आणायला लावा, रोज तेच दुकान. दोन आठवड्यांनी पण पन्नासची नोट देऊन पुडा घेऊन निघून यायचा, आणि किती पैसे परत यायला हवेत याचा अंदाजसुद्धा नाही, घड्याळ नाही, उद्या-परवा नाही. सोप्या मराठीत ऐकलेली गोष्टही सांगता येत नव्हती. त्याला सौम्य बौद्धिक अक्षमता होती आणि तीन वर्षं एलडीच्या क्लासला स्पेलिंगं घोकण्यात गेली, तेवढ्यात तो पैसे, वेळ, प्रवास शिकला असता. आईला जड गेलं. पण वाइनलँडची जी टेस्ट असते, रोजच्या जगण्याची, ती आईबापांना विचारूनच भरतात, आणि आई सगळं हातात देत असेल तर 'येत नाही' आणि 'करू दिलं नाही' यातला फरक तिलाही माहीत नसतो, म्हणून आधी करू द्यावं लागतं.

कागदपत्रांचं. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. 2018 च्या सरकारी नियमावलीप्रमाणे बौद्धिक अक्षमतेसाठी वाइनलँडचा स्कोअर 55 ते 69 असेल तर 50 टक्के अक्षमता, 70 ते 84 असेल तर 25 टक्के धरायचे, आणि बहुतेक सवलतींना 40 टक्के लागतात. एलडीसाठी आयक्यू 85 च्या वर असावा असं त्यात होतं. आता त्या हिशोबाने तुमचा 84 बघा कुठे येऊन पडला, ना इकडे ना तिकडे. या मधल्या पट्ट्यातली मुलं आपल्याकडे सगळ्यात जास्त भरडली जातात, आणि एका गुणाने असं होत असेल तर तो गुण चाळीस मिनिटांत काढलेला नसावा एवढं तरी बघायला पाहिजे. मार्च 2024 मध्ये सुधारित नियम आलेत, त्यामुळे दिव्यांग सर्टिफिकेटला जायच्या आधी ससून हॉस्पिटलला चौकशी करून लागणारे कागद विचारून घ्या. 2018 च्या नियमांत एलडीचं सर्टिफिकेट आठ वर्षांच्या आधी देत नव्हते, चौदा आणि अठराला परत तपासणी होती. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तर बौद्धिक अक्षमता असंही लिहीत नाहीत, विकासात विलंब एवढंच लिहितात, कारण त्या वयात बरंच बदलतं. खाजगी रिपोर्टवर आयक्यू बघताना टेस्ट घेणाऱ्याचा आरसीआयचा, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा, नोंदणी क्रमांक आहे का ते बघा, तुमच्या फोटोत मला तो दिसला नाही.

शाळेने दुसरी शाळा बघा म्हटलं त्यावर एवढंच, शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. भांडायला जाऊ नका, लेखी मागा, 'तुमचं म्हणणं लेखी द्या' म्हटलं की बऱ्याच शाळांचा सूर बदलतो.

सासूबाईंना पण एकदम उडवून लावू नका. वाचनाची अडचण घराण्यात चालते, बापाला चौथीपर्यंत वाचता येत नव्हतं ही माझ्यासाठी महत्त्वाची माहिती आहे, फक्त त्या जो निष्कर्ष काढतात की आपोआप होईल तो नको. बापाला विचारा, अजूनही मोठी ईमेल वाचायला त्रास होतो का, कोणाकडून वाचून घेतात का. बरेच बाबा माझ्याकडे खुर्चीत बसून हळूच कबूल करतात.

तर पुढच्या महिनाभरात कान, डोळे, रक्त. मग पुन्हा टेस्ट, मराठीतून, निदान दोन-तीन बैठकांत, सकाळच्या वेळी, शाळा करून दमलेलं पोर संध्याकाळी साडेसहाला नेऊन बसवू नका. तीच टेस्ट इतक्यात परत घेऊ नये, सरावाने स्कोअर वाढतो, म्हणून आधी कुठली झालीय ते नव्या ठिकाणी सांगा, जुना रिपोर्ट लपवू नका. वाचनाची मदत मात्र आजपासून चालू करा, त्याला निदान लागत नाही, रोज पंधरा मिनिटं आवाज आणि अक्षर जुळवायचं, मराठीतून आधी, आणि धडे तुम्ही वाचून दाखवत राहा म्हणजे माहिती अडत नाही. त्याच्यासमोर फोनवर कोणाशी 84 वगैरे बोलू नका, ही पोरं सगळं ऐकत असतात. आणि टेस्टला जाताना त्याच्या जुन्या वह्या घेऊन जा, पहिलीपासूनच्या, खाडाखोड असलेल्या, लाल रेघा मारलेल्या, दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेल्या नसतील तर.